कॉलबॅक चालतो, पण आतला ॲरे बदलत नाही: पीएचपीतली तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात छोट्या संस्थांसाठी पीएचपीत लिहिलेलं सॉफ्टवेअर उघडलं की डेटा बहुतेक ठिकाणी एकाच ठेवणीत सापडतो. संस्था दूध संकलनाची असो, उसाच्या बिलाची असो वा पतसंस्था असो, वर गाव, गावाच्या आत सभासद आणि सभासदाच्या आत नाव, पत्ता, रोजच्या नोंदी असतात. म्हणजे तीन-चार थरांचा ॲरे. त्यातली नावं साफ करायची असतात, मराठी-कानडी आकडे हिशेबाला चालतील असे करायचे असतात. त्यासाठी एक कॉलबॅक (ॲरेच्या प्रत्येक घरावर चालवायला दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिलेलं छोटं फंक्शन) लिहिला जातो आणि तिथूनच तक्रारी सुरू होतात.

लक्षणं

- काहीच होत नाही. एरर नाही, इशारा नाही, ॲरे जसाच्या तसा.
- सगळा ॲरे गायब आणि त्या जागी नुसतं 1.
- वरच्या थरातलं बदलतं, आतलं तसंच राहतं.
- फंक्शनच्या आत छापलं तर नवं दिसतं, बाहेर येऊन छापलं तर जुनं.
- यादीतला शेवटचा सभासद नाहीसा होतो, त्याच्या आधीचा दोनदा येतो.
- रिकामी रक्कम (नल) आणि ‘नाही’ (फॉल्स) हे दोन्ही कोऱ्या मजकुरात बदलतात.
- पडद्यावर सगळं ठीक, पण जेसन (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) पाठवलं की उत्तर कोरं. तेही काही गावांच्याच यादीला.
- दुसऱ्यांदा चालवलं की ‘बेळगावी’चं ‘बेळगावीी’ होतं.

यातली पहिलं, तिसरं आणि चौथं ही लक्षणं एकाच घरातली आहेत: कॉलबॅक काम करतो, पण मूळ ॲरेवर न करता त्याच्या प्रतीवर करतो. म्हणून तपासणीचा पहिला अर्धा भाग ‘प्रत कुठे तयार झाली’ हे शोधण्यातच जातो. कॉलबॅकच्या आतलं गणित त्यानंतर बघायचं. बरेच जण उलटं करतात आणि ट्रिमच्या (टोकाच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या फंक्शनच्या) ओळीकडेच तासभर बघत बसतात.

खाली फंक्शनांची नावं आणि पीएचपीचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना मॅन्युअलमधलं इंग्रजी स्पेलिंगच लागेल. चलांची नावं मात्र खरोखर देवनागरीत ठेवली तरी पीएचपी चालवून घेतं, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली म्हणजे झालं. उदाहरणाचा डेटा असा:

```
$दूध = [
  'निपाणी' => [
    ['आडनाव' => ' हिरेमठ', 'शहर' => 'निपाणी',
     'लिटर' => ['सकाळ' => '४.५', 'संध्याकाळ' => 3.2]],
  ],
  'खानापूर' => [
    ['आडनाव' => 'बेळगावकर ', 'शहर' => 'बेळगाव',
     'लिटर' => ['सकाळ' => '६', 'संध्याकाळ' => null]],
  ],
];
```

आधी प्रत काढा आणि नीट बघायला शिका

जागच्या जागी बदल करायचा म्हणजे जुनी किंमत पुसली जाणार. तेव्हा मूळ ॲरे एकदा फाइलीत उतरवून ठेवा. सीरियलाइझ करून लिहिला तर उत्तम, कारण त्यात प्रकारही जसेच्या तसे राहतात. `$जुना = $दूध;` एवढं बहुतेक वेळा पुरतं, पण ॲरेत कुठे रेफरन्स (प्रत न होता किंमतीच्या मूळ घरालाच बांधलेली दोरी) अडकलेला असेल तर ती प्रतही सोबत बदलते. ते खाली पाचव्या तपासणीत येईल.

बघण्यासाठी प्रिंट_आर वापरू नका. त्यात कोरा मजकूर, नल आणि फॉल्स तिन्ही सारखेच दिसतात, म्हणजे काहीच दिसत नाहीत. वार_डम्प प्रकार सांगतं, मजकुराची लांबी बाइटमध्ये सांगतं आणि रेफरन्स असलेल्या घरापुढे & लावतं. ‘हिरेमठ’ची लांबी १८ दिसली पाहिजे: ह, वेलांटी, र, मात्रा, म, ठ अशी सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. १९ दिसली तर एक साधी मोकळी जागा चिकटली आहे. २० दिसली आणि साध्या ट्रिमने जात नसेल तर ती एक्सेल किंवा वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा असण्याची शक्यता मोठी. १७ दिसली तर सरळ आठव्या तपासणीवर जा.

शक्य असेल तर कमांड लाइनवर चालवा. ब्राउझर एकापुढच्या एक मोकळ्या जागा गिळून टाकतो आणि तुम्ही नसलेल्या दोषावर किंवा दिसत नसलेल्या दोषावर डोकं फोडत राहता.

१. & आहे का?

सगळ्यात स्वस्त तपासणी, एक नजर पुरते. ॲरे_वॉक आणि ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह या, ॲरेच्या घरोघरी कॉलबॅक चालवणाऱ्या, दोघांत कॉलबॅकचा पहिला पॅरामीटर रेफरन्सने घेतलेला असला तरच मूळ घर बदलतं:

```
ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह($दूध, फंक्शन (&$मूल्य, $की) {
  इफ (इज_स्ट्रिंग($मूल्य)) $मूल्य = ट्रिम($मूल्य);
});
```

& नसेल तर कॉलबॅकला किंमतीची प्रत मिळते, ती साफ होते आणि टाकून दिली जाते. पीएचपीच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, म्हणून इशाराही येत नाही.

याचीच जुळी चूक: कॉलबॅकमधून रिटर्न करणं. वॉक घराण्यातली फंक्शनं कॉलबॅकचं रिटर्न बघतही नाहीत. ॲरे_मॅपचा कायदा उलटा आहे. तिथे रिटर्नच चालतं, मूळ ॲरे तसाच राहतो आणि नवा ॲरे हाती येतो. कोणीतरी ॲरे_मॅपचा कॉलबॅक उचलून वॉकमध्ये ठेवलेला असतो, आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच निघतं.

छोटं बाण-फंक्शन, म्हणजे पीएचपी ७.४ पासूनचं फएन, वापरलं तरी पॅरामीटरला & लावता येतो आणि तो चालतो. पण फएन बाहेरचे चल प्रतीने घेतं. ‘किती नावं बदलली’ हे मोजायला बाहेरचा `$मोजणी` आत वाढवला तर बाहेर तो शून्यच राहील. मोजणी हवी असेल तर पूर्ण फंक्शन लिहून `यूज (&$मोजणी)` करा. ही मोजणी ठेवावीच. किती घरांना हात लागला आणि त्यातली किती खरोखर बदलली हे दोन आकडे समोर असले की पुढच्या निम्म्या तपासण्या कराव्या लागत नाहीत.

२. उत्तर परत त्याच चलात टाकलंय का?

`$दूध = ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह($दूध, ...)` अशी ओळ दिसली की शोध संपला. हे फंक्शन ट्रू परत देतं आणि तुमचा अख्खा ॲरे त्या ट्रूखाली गाडला जातो. छापलं की 1. डावीकडचं `$दूध =` काढून टाका. एकही घर बदललेलं नसलं तरी ट्रूच येतं, त्यामुळे `इफ (ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह(...))` असा ‘झालं का’ विचारणारा कोडही बिनकामाचा.

३. तयार फंक्शनचं नाव थेट दिलंय का?

`ॲरे_वॉक($यादी, 'ट्रिम')` दिसायला छान, पण दोन कारणांनी निकामी. ट्रिम रेफरन्स घेत नाही, हे एक. दुसरं म्हणजे वॉक प्रत्येक वेळी किंमत आणि की (त्या घराचं नाव किंवा क्रमांक) अशा दोन गोष्टी पाठवतं, आणि ट्रिमचा दुसरा पॅरामीटर म्हणजे कोणती अक्षरं छाटायची त्यांची यादी. म्हणजे तुमची की छाटणीची यादी बनते. एकच पॅरामीटर घेणारं तयार फंक्शन दिलं तर पीएचपी ८ जास्त पॅरामीटर आल्याची एरर देऊन थांबतं. ते एका अर्थी बरंच, निदान कळतं तरी.

आणि थरांच्या ॲरेवर `ॲरे_मॅप('ट्रिम', $दूध)` केलं तर आतल्या ॲरेलाच ट्रिम करायला गेल्यामुळे पीएचपी ८ मध्ये टाइपएरर येते. जुन्या ७ वर नुसता इशारा यायचा आणि आतला ॲरे नल व्हायचा. सर्व्हर ७ वरून ८ वर नेल्यावर ‘अचानक बिघडलं’ असं वाटतं, पण बिघाड आधीपासूनच होता. आता तो बोलू लागला, इतकंच.

४. किती खोल जातंय, आणि काय दाखवतंय?

ॲरे_वॉक एकच थर फिरतं. वर गावं असतील तर कॉलबॅकच्या हाती अख्खं गाव येतं. ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह तळापर्यंत जातं, पण एक गोष्ट मॅन्युअलमध्ये एकाच वाक्यात आहे आणि तीच सुटते: ज्या घरात ॲरे आहे ते घर कॉलबॅकला दाखवलंच जात नाही. फक्त टोकाची घरं दाखवली जातात.

म्हणून `इफ ($की === 'लिटर')` अशी अट वरच्या डेटावर कधीच खरी होणार नाही. ‘लिटर’च्या आत ॲरे आहे, त्यामुळे कॉलबॅकला ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ एवढ्याच की दिसतात. त्या कोणत्या सभासदाच्या आणि कोणत्या गावच्या, हेही त्याला कळत नाही. रिकामे ॲरे काढायचे, कीच्या नावातली मोकळी जागा काढायची, नवं घर घालायचं, यातलं काहीही वॉकने होत नाही. कॉलबॅकच्या आत `अनसेट($मूल्य)` लिहिलं तर फक्त तुमच्या हातातली दोरी सुटते, घर जागेवरच राहतं. चालू फेरीत मूळ ॲरेची रचना बदलायला गेलात तर काय होईल याची हमी पीएचपी देत नाही. तो मार्ग सोडूनच द्या.

वाट माहीत असायला हवी असेल तर स्वतःचं फंक्शन लिहा, ते दहा-बारा ओळींचंच आहे:

```
फंक्शन तळापर्यंत(ॲरे &$थर, कॉलेबल $काम, ॲरे $वाट = []) {
  फॉरईच ($थर ॲज $की => &$मूल्य) {
    $इथे = [...$वाट, $की];
    इफ (इज_ॲरे($मूल्य)) {
      तळापर्यंत($मूल्य, $काम, $इथे);
    } एल्स {
      $काम($मूल्य, $इथे);
    }
  }
  अनसेट($मूल्य);
}
```

आता कॉलबॅकला ‘खानापूर, 0, लिटर, सकाळ’ अशी पूर्ण वाट मिळते आणि अट नेमकी लावता येते. यात & दोन ठिकाणी आहे, `$थर` ला आणि `$मूल्य` ला. कोणताही एक सुटला तरी खालचे थर बदलणार नाहीत. तिसरा & तुम्ही देणार त्या कॉलबॅकच्या पॅरामीटरवर. `$काम(...)` च्या जागी कॉल_यूजर_फंक वापरू नका. ते पॅरामीटर रेफरन्सने पुढे देत नाही, म्हणजे घरोघरी फिरून हात हलवत परत.

५. फॉरईचमध्ये लोंबकळणारा रेफरन्स

दोन थरांच्या फॉरईचमध्ये आतल्याला & आणि बाहेरच्याला नाही, हे नेहमीचं. बाहेरचा फॉरईच गावाची प्रत देतो, आतला त्या प्रतीतले सभासद इमाने इतबारे बदलतो. बाहेरच्यालाही & लावा.

दुसरी गडबड जास्त त्रासदायक, कारण ती दोष असलेल्या ओळीपासून लांब कुठेतरी दिसते. `$गावं` मध्ये अथणी, कागवाड, रायबाग अशी तीन नावं आहेत. `फॉरईच ($गावं ॲज &$गाव)` करून ती साफ केली. फेरी संपली, पण `$गाव` अजून तिसऱ्या घराला बांधलेलाच आहे. पुढे कुठेतरी छापण्यासाठी `फॉरईच ($गावं ॲज $गाव)` लिहिलं. पहिल्या पावलावर `$गाव` मध्ये अथणी आलं, म्हणजे तिसऱ्या घरात अथणी लिहिलं गेलं. दुसऱ्या पावलावर तिसऱ्या घरात कागवाड. तिसऱ्या पावलावर तिसरं घर स्वतःलाच वाचतं, आणि तिथे कागवाड आहे. निकाल: अथणी, कागवाड, कागवाड. रायबाग गेलं. दूध बिलात हे म्हणजे एका सभासदाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर, आणि तक्रार येईपर्यंत पत्ता नाही.

उपाय एका ओळीचा: & वाली फेरी संपताच, त्याच्या लगेच खालच्या ओळीवर `अनसेट($गाव);`. वरच्या `तळापर्यंत` मध्ये फंक्शन संपताच चल मरतो, त्यामुळे तिथे ती ओळ नसली तरी चाललं असतं. पण सवय म्हणून असू द्यावी, उद्या कोणी त्या खाली आणखी चार ओळी घालतंच. ओळखायचं कसं? वार_डम्पमध्ये यादीच्या शेवटच्या घरापुढे & दिसतो. असा & असताना काढलेली `$जुना` प्रतही त्या एका घरापुरती मूळ ॲरेला चिकटलेली असते, आणि तुमचा ‘बॅकअप’ गुपचूप बदलतो.

६. ॲरे खरंच तुमच्या हातात आहे का?

इथून पुढे थोडं उकरावं लागतं. ॲरे दुसऱ्या फंक्शनला दिला की पीएचपी व्यवहारात प्रतच देतं. त्या फंक्शनच्या सहीत (पॅरामीटरच्या यादीत) & नसेल तर आतले बदल आतच राहतात. जावास्क्रिप्टची सवय असलेल्यांना हे हमखास नडतं, कारण तिथे आतले ॲरे आणि ऑब्जेक्ट प्रत न होता तेच जातात. पर्याय दोन: सहीत & लावा, किंवा बदललेला ॲरे रिटर्न करून बाहेर परत चलात ठेवा. मोठ्या कोडमध्ये दुसरा पर्याय बरा. वाचणाऱ्याला ‘इथे बदल होतो’ हे दिसतं.

डेटा जेसनमधून आला असेल तर जेसन_डिकोडचा दुसरा पॅरामीटर ट्रू आहे का बघा. नसेल तर आत ॲरे नसून ऑब्जेक्ट आहेत. ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह ऑब्जेक्टच्या आत उतरत नाही, अख्खा ऑब्जेक्टच टोकाचं घर म्हणून कॉलबॅकच्या हाती देतं.

फ्रेमवर्कचं मॉडेल किंवा ‘गेट’ या जादूच्या मेथडमधून (ऑब्जेक्टमधली किंमत मागितली की आपोआप चालणाऱ्या) ॲरे घेत असाल तर ‘इनडायरेक्ट मॉडिफिकेशन’ अशा शब्दांनी सुरू होणारी आणि ‘हॅज नो इफेक्ट’ने संपणारी सूचना लॉगमध्ये शोधा. पडद्यावर ती बहुधा दडवलेली असते. तिथे भांडण्यात अर्थ नाही: ॲरे साध्या चलात काढून घ्या, बदला, परत ठेवा, सेव्ह करा.

७. प्रकार बिघडतोय का?

पहिल्या तपासणीतल्या कोडमध्ये इज_स्ट्रिंगची अट उगाच नाही. ती नसेल तर ट्रिम 3.2 चा मजकूर करतं, फॉल्सचा कोरा मजकूर करतं आणि नलचाही. नलवर ट्रिम चालवल्याबद्दल ८.१ पासून कालबाह्यतेची सूचनाही येते. खानापूरच्या सभासदाच्या संध्याकाळच्या घरात नल आहे. नल म्हणजे ‘दूध आलं नाही’, कोरा मजकूर म्हणजे ‘कोणीतरी रिकामं भरलं’. संकलन केंद्रावर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि डेटाबेसातही.

हीच अट कीवरही हवी. फॉर्ममधून आलेल्या अख्ख्या पोस्ट डेटावर सरसकट ट्रिम चालवणारा कोड पासवर्डच्या टोकाची मोकळी जागाही खातो, आणि मग लॉगिन का होत नाही हे कोणालाच कळत नाही. आकड्यासारखं दिसेल ते आकड्यात बदलणारा कॉलबॅक पतसंस्थेच्या खाते क्रमांकापुढचे शून्य उडवतो. खाते क्रमांक, पिन कोड, मोबाइल हे मजकूरच समजा. त्यांची बेरीज कोणी करत नाही.

शहराच्या नावाचंही तसंच. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तेव्हा सरकारी नमुन्यात भरताना जुन्या नोंदी बदलण्याची वेळ येते. ‘बेळगाव’च्या जागी ‘बेळगावी’ टाकणारा साधा कॉलबॅक प्रत्येक टोकाच्या घरात शिरतो आणि खानापूरच्या बेळगावकरांचे बेळगावीकर करून ठेवतो. दुसऱ्यांदा चालवला तर ‘बेळगावीी’. म्हणून अट दुहेरी: की ‘शहर’ असेल आणि किंमत तंतोतंत ‘बेळगाव’ असेल (तीन बरोबर चिन्हं), तरच बदल. जागच्या जागी बदलणारा कोणताही कॉलबॅक लागोपाठ दोनदा चालवून बघा. दुसऱ्या वेळी बदलांची मोजणी शून्य आली पाहिजे.

८. फक्त काही आडनावं फुटतात: बाइटचा घोळ

ही तपासणी इथल्या डेटासाठी खास वेळ देऊन करावी लागते, कारण मराठी आणि कानडी दोन्ही लिप्या त्याच यादीत असतात.

एक्सेलमधून आलेली न तुटणारी मोकळी जागा साध्या ट्रिमने जात नाही. तिचे दोन बाइट आहेत, १९४ आणि १६०. मग कोणीतरी ट्रिमच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये हे दोन बाइट घालतं. पाटील, कुलकर्णी, देसाई सगळे साफ होतात. हिरेमठ फुटतो.

कारण ट्रिमला अक्षरं कळत नाहीत, ते बाइट मोजतं. यादीतला १९४ आणि यादीतला १६० त्याला सुटे दिसतात. देवनागरी ‘ठ’चे बाइट आहेत २२४, १६४, १६०. शेवटचा १६० यादीत आहे, म्हणून तो छाटला जातो. उरलेले दोन बाइट कोणतंच अक्षर बनवत नाहीत आणि लांबी १८ ची १७ होते. कानडी लिपीतल्या ठचे बाइट २२४, १७८, १६०, म्हणजे तिथेही तेच. मठ आणि हिरेमठ ही आडनावं या भागात गावोगाव आहेत, त्यामुळे दोष हमखास येतो, पण ‘काही गावांच्याच यादीला’ येतो. त्यातून एकाच फुटक्या नावामुळे जेसन_एनकोड सगळ्या ॲरेसाठी फॉल्स परत देतं. पाचशे सभासदांची यादी एका ठपायी कोरी.

दुरुस्ती: आधी दोन्ही बाइटची जोडी एकत्र बदला, मग साधा ट्रिम लावा.

```
$नबजा = सीएचआर(194) . सीएचआर(160);
$मूल्य = ट्रिम(एसटीआर_रिप्लेस($नबजा, ' ', $मूल्य));
```

इथे एसटीआर_रिप्लेस सुरक्षित आहे. ते पूर्ण जोडी शोधतं, आणि १९४ हा यूटीएफ-८ मध्ये नेहमी अक्षराच्या सुरुवातीचाच बाइट असतो, कोणत्याही अक्षराच्या पोटात येत नाही. पीएचपी ८.४ असेल तर एमबी_ट्रिम हे फंक्शन तयारच मिळतं.

आकड्यांची गोष्टही बाइटचीच. `(फ्लोट) '४.५'` चं उत्तर शून्य येतं, कारण पीएचपीला फक्त 0 ते 9 हेच आकडे कळतात. एसटीआरटीआरने बदला, पण त्याला जोड्यांचा ॲरे द्या: दहा मराठी आकडे, दहा कानडी, प्रत्येकासमोर त्याचा 0-9 मधला आकडा. तीन पॅरामीटरवालं रूप देऊ नका. ते बाइटला बाइट बदलतं, आणि २२४ हा बाइट प्रत्येक मराठी व कानडी अक्षराच्या तोंडाशी असल्यामुळे यादीतलं एकही नाव धड राहत नाही. हा बदल ‘लिटर’, ‘फॅट’, ‘दर’ अशा घरांपुरताच ठेवा. पत्त्यातला ‘वॉर्ड ४’ तसाच राहिला तर कोणाचं काही अडत नाही.

बिलाच्या छपाईसाठी नाव वीसवर कापायचं असेल तर सबएसटीआर नको, एमबी_सबएसटीआर घ्या. वीसला तीनने भाग जात नाही, तेव्हा बाइटवर कापलं की शेवटचं अक्षर मध्येच तुटतं. आणि ‘साफसफाई’च्या नादात शून्य रुंदीची जोडचिन्हं सरसकट काढू नका. काही कीबोर्ड ‘ऱ्या’सारखी अक्षरं त्यांच्याच आधारे लिहितात, कानडीतही त्यांना काम आहे.

कुठे थांबायचं

बदललेला ॲरे डेटाबेसात सेव्ह झाला असेल आणि जुनी फाइल नसेल, तर पुढचा एकही कॉलबॅक चालवू नका. १७ बाइटच्या हिरेमठाला अंदाजाने एक बाइट जोडून ‘दुरुस्त’ करणं मोहाचं वाटतं, पण कोणत्या नोंदी फुटल्या आणि कोणत्या दोनदा बदलल्या हे ठरवायला डेटाबेसाचे लॉग आणि बॅकअप वाचता येणारा माणूस लागतो. बेळगावचा असो वा कोल्हापूरचा, त्याला त्याच दिवशी बोलवा. रोज नव्या नोंदी पडत राहिल्या की सोडवणूक अवघड होत जाते.

पैशांच्या नोंदीत पाचव्या तपासणीतला दोष सापडला, तर कोड दुरुस्त करणं तुमचं काम. पण आधी निघालेल्या बिलांचं काय, हे संस्थेच्या सचिवाने आणि लेखापरीक्षकाने ठरवायचं. गुपचूप आकडे सरळ करू नका.

वार_डम्पमध्ये नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला, तर तो डेटा जुन्या श्री-लिपी किंवा नुडीसारख्या फाँटात टाइप केलेला आहे, युनिकोडमध्ये नाही. त्यावर ट्रिमही नको. फाँटागणिक तक्ता वेगळा आणि वेलांटीची जागा उलटी, त्यामुळे हे रूपांतर करणाऱ्याकडेच द्यावं. आणि दोष एखाद्या विकत घेतलेल्या, कोड बंद असलेल्या घटकाच्या आत निघाला, तर तो ज्याने बनवला त्याच्याकडेच जायला हवा.

ज्याला बोलवाल त्याला द्यायच्या गोष्टी: हात न लावलेली मूळ फाइल, पीएचपीची नेमकी आवृत्ती, कॉलबॅक ज्या क्रमाने आणि जितक्या वेळा चालवले त्याची नोंद, आणि फुटलेल्या दोन-तीन किंमतींचं बिन२हेक्सने काढलेलं रूप. पडद्याचा फोटो पाठवून उपयोग नाही, फुटलेला बाइट फोटोत दिसत नाही.